'सोमवंशीय मित्रा'चे संपादक

भोरजवळच्या उत्रोलीहून ईशान्येकडे पाहिले, तर पुरंदरच्या डोंगराआड सासवड येते. विसाव्या शतकाच्या आरंभी या सासवडास एक सभा भरली होती. एक्कावन्न गावांचे महार तेथे जमले होते. फौजेत, पोलिसांत आणि सरकारी नोकरीत आम्हांस प्रवेश मिळावा, असा अर्ज सरकारकडे पाठविण्याचे तेथे ठरले. महारांचे बापजादे इंग्रजी पलटणींत लढलेले होते. पण १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद करण्यात आली. ज्या हाती बंदूक होती, त्या हाती पुन्हा वेठबिगार आली. त्या अर्जावर पंधराशेंहून अधिक लोकांच्या सह्या होत्या. ही सभा बोलाविणाऱ्या गृहस्थांचे नाव शिवराम जानबा कांबळे.

कांबळे यांचा जन्म १८७५ सालचा. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. दिवसभर साहेब लोकांच्या मेजाची व्यवस्था पाहावी आणि उरलेल्या वेळात वाचावे, लिहावे, सभा घ्याव्यात, असा त्यांचा क्रम असे. अर्ज सरकारकडे जातो आणि दप्तरात पडून राहतो, हे त्यांनी पाहिले. आपल्या लोकांशी बोलावयाचे, तर आपले पत्र पाहिजे. १ जुलै १९०८ रोजी पुण्यात 'सोमवंशीय मित्र' हे मासिक त्यांनी सुरू केले.

हे काम सोपे नव्हते. ज्या वस्त्यांसाठी पत्र निघत होते, तेथे अक्षर ओळखणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. वर्गणी देण्याची ऐपत त्याहून थोड्यांची. तरीही पत्र सुमारे तीन वर्षे चालले. एखाद्या पत्राची थोरवी त्याच्या खपावर मोजावी असे नाही.

त्या काळी नवस फेडण्यासाठी काही आईबाप आपली मुलगी जेजुरीच्या खंडोबाला वाहत. तिला मुरळी म्हणत. तिचे लग्न माणसाशी होत नसे. जन्मभर तिच्या वाट्यास अवहेलना येई. कांबळे यांनी या चालीविरुद्ध आपल्या पत्रातून लेखणी चालविली. तेव्हा शिवूबाई नावाच्या एका मुरळीने संपादकांस पत्र धाडले. हे जिणे सोडण्यास मी तयार आहे, पण मला पत्नी म्हणून कोण स्वीकारील, असा तिचा प्रश्न होता. कांबळे यांनी ते पत्र छापले. छापील शब्दाला उत्तर मिळाले: गणपतराव गायकवाड हे त्यांचे सहकारी पुढे आले आणि त्यांनी शिवूबाईशी विवाह केला. जिला आजवर कोणी काही विचारले नव्हते, तिचा प्रश्न वर्तमानपत्रात आला, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

अशाच कामाची एक कथा सातासमुद्रांपलीकडील आहे. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबविले जाई. ती प्रथा मोडणाऱ्या तेथील सज्जनांना महात्मा फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली अर्पण केला होता. आयडा बी. वेल्स ही १८६२ साली मिसिसिपी प्रांतात गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली. पुढे शिक्षिका झाली आणि मेम्फिस शहरात एका वर्तमानपत्राची संपादिका झाली. १८९२ साली तेथील जमावाने तिच्या ओळखीच्या तीन निरपराध काळ्या गृहस्थांना ठार केले. त्यांतील एकाचे किराणा मालाचे दुकान चांगले चालत असे. आयडाने अशा हत्यांची एकामागून एक चौकशी केली, आणि त्यांची खरी कारणे छापली. ती परगावी असताना तिच्या पत्राची कचेरी फोडण्यात आली. परतलीस तर जीव घेऊ, अशा धमक्या आल्या. ती मेम्फिसला गेली नाही, पण लेखणीही तिने खाली ठेवली नाही. १९३१ साली ती वारली. तिच्या या शोधकार्याबद्दल अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिक मंडळाने तिचा विशेष गौरव केला, तो २०२० साली.

कांबळे यांच्या वाट्यास असे पारितोषिक आले नाही. त्यांचे पत्र बंद पडले, तरी वाट बुजली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक काढले. त्यास कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य दिले. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. त्याच वर्षी १ जानेवारीस कोरेगावच्या विजयस्तंभापाशी झालेल्या सभेस बाबासाहेब आले, ते कांबळे यांच्या पुढाकाराने. १९२९ साली पर्वतीचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून पुण्यात सत्याग्रह झाला. चोपन्न वर्षांचे कांबळे त्यातही पुढे होते. सत्याग्रहींवर दगड पडले.

सासवडच्या अर्जातील मागणी मात्र कोणी विसरले नव्हते. पहिल्या महायुद्धात महारांची एक पलटण उभारली गेली आणि युद्धानंतर मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही भारतीय सेनेत आहे. तिच्या स्थापनेनंतर पुढच्याच वर्षी शिवराम जानबा कांबळे यांचे निधन झाले.