मॉरिशसची धोल पुरी : घरी करून शिकवायचा एक पाठ

"बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग." ही व्याख्या चौथीतलं कुठलंही मूल झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. मी पुढचा प्रश्न विचारला, "मग बेटावरची माणसं जेवतात काय?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मासे!"

उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. ते पुरं कसं करायचं म्हणून मी मॉरिशस निवडलं आणि घरी धोल पुरी करून वर्गात नेली. शिक्षक मित्रांनी आणि पालकांनीही हा पाठ जरूर करून बघावा. कारण मॉरिशसच्या स्वयंपाकघरात बेटाचा सगळा इतिहास सापडतो.

1598 साली डच लोक तिथे उतरले तेव्हा त्या बेटावर माणसांची वस्तीच नव्हती. म्हणजे 'तिथलं मूळचं जेवण' असं काही नाहीच! ऊस डचांनी जावाहून आणला. पुढे फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. गुलामगिरी बंद होताना उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अॅटलस' जहाजातून 36 मजूर उतरले, आणि तो दिवस तिथे आजही सुट्टीचा असतो. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. करार पाच वर्षांचा, महिन्याला पाच रुपये, आणि शिधा म्हणून तांदूळ, डाळ, मीठ असं काहीबाही. बरेच जण बिहारकडचे, कलकत्त्याहून गेलेले. काही दक्षिणेतले. आणि मुंबई बंदरातून गेलेले आपल्या कोकणातले, साताऱ्याकडचेही. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. हे ऐकून मुलं एकदम सावरून बसली.

आता कृती. एक वाटी हरभरा डाळ दोन-तीन तास भिजवा. (तिथे बहुधा पिवळ्या वाटाण्याची डाळ घेतात.) थोडी हळद घालून उघड्या पातेल्यात शिजवा. कुकर नकोच. पुरणाला शिजवतो तितकी मऊ नाही करायची. दाणा बोटात दाबला तर फुटला पाहिजे, पण पातेल्यात त्याचा आकार राहिला पाहिजे. मग डाळ चाळणीत उपसा. खाली राहिलेला कट फेकू नका, कटाची आमटीही करू नका! त्याच कोमट कटात दोन वाट्या मैदा, मीठ आणि चमचाभर तेल घालून सैलसर कणीक भिजवायची आणि अर्धा तास झाकून ठेवायची. पोळी मऊ राहते ती या कटामुळे.

डाळ पूर्ण गार झाली की भाजलेलं जिरं आणि मीठ घालून कोरडीच वाटा. पुरणासारखा गोळा होता कामा नये, रव्यासारखी भुरभुरीत हवी. उंड्यात भरून, मैद्यावर हलक्या हाताने पातळ लाटा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी तेल लावून भाजा. डाग पडू देऊ नका. एकावर एक रचून फडक्यात गुंडाळून ठेवा. मॉरिशसमध्ये धोल पुरी रस्त्यावर जोडीनेच विकतात. दोन पोळ्या, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय, चटणी, आणि कागदात गुंडाळी.

रुगाय सोपं आहे. तेलात कांदा, आलं, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, मग चार चिरलेले टोमॅटो, दाट होईपर्यंत शिजवा, वर कोथिंबीर. तिथे थाइम नावाचा युरोपातला सुगंधी पालाही घालतात. नसला तर राहू द्या.

खरा पाठ इथे आहे. फळ्यावर दोन रकाने केले: जिन्नस आणि तो कुठून आला. टोमॅटो, मिरची अमेरिका खंडातून. थाइम युरोपातून. डाळ, हळद, कढीपत्ता आपल्याकडून. तिथल्या क्रिओल भाषेत टोमॅटोला 'पोम दामूर' म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये 'प्रेमाचं सफरचंद'. यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता, मीही थांबवलं नाही. कोथिंबिरीला 'कोतोमिली' आणि कढीपत्त्याला 'कारीपुले' म्हणतात. हे शब्द तमिळ मजुरांबरोबर गेले.

आता माझी चूक सांगते. पोळी खाताच एक मुलगी ओरडली, "बाई, ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी!" मला इतका आनंद झाला की मी फळ्यावर लिहूनच टाकलं: पुरणपोळी, बाण, धोल पुरी. कोकणातली माणसं गेली, पुरणपोळी घेऊन गेली, तिथे ती तिखट-मिठाची झाली. गोष्ट छानच जमली होती. मुलांनी वहीत उतरवूनही घेतली.

माझ्या वर्गात छपऱ्याकडून आलेलं एक मूल आहे. वडील बांधकामावर. मराठी समजतं, पण जूनपासून वर्गात स्वतःहून बोललेलं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ते टेबलाजवळ येऊन उभं राहिलं आणि हळूच म्हणालं, "मैडम, मम्मी बोली, ये तो हमारी दालपूरी है."

त्याची आई बरोबर होती. धोल पुरीचं मूळ भोजपुरी दालपुरीत आहे, नावातच 'दाल' आणि 'पुरी' दोन्ही आहेत. मी ते नाव दिवसभर उच्चारत होते आणि ऐकत नव्हते. पुरणपोळीशी साम्य आहे, पण साम्य म्हणजे नातं नव्हे. फळ्यावरचा बाण पुसला, वह्यांतलाही खोडायला लावला. मग त्या मुलाला नकाशावर छपरा दाखवायला बोलावलं. तिथून कलकत्ता, कलकत्त्याहून जहाज. बोट त्याने फिरवलं. समुद्रात बोट श्रीलंकेच्या खालून वळवायचं की वरून, यावर मागच्या बाकांवरून सूचना यायला लागल्या आणि त्याने त्यांना हिंदीतून झापलं.

शनिवारी त्याच्या आईला शाळेत बोलावलं. त्या आधी संकोचल्या, मग माझी पोळी मोडून बघितली आणि म्हणाल्या, डाळ ओली राहिली आहे, म्हणून कडेला फाटते. उपसल्यावर सुती कापडावर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवायची, मगच वाटायची. आणि वाटताना जिऱ्याबरोबर दोन लसूण पाकळ्या. तसं केल्यापासून माझी एकही पोळी फाटलेली नाही.