पहिली अर्धमॅरेथॉन : शरीरातील उष्णतेचा हिशेब

अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉनचा मार्ग ४२.१९५ किलोमीटरांचा आखला गेला, १९२१ साली तेच अंतर प्रमाण ठरले आणि त्याचे निम्मे ते अर्धमॅरेथॉनचे. १९२० साली अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले पूर्ण मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले होते. त्यांचा वेग सर्वांस साधणारा नव्हे; परंतु निम्मे अंतर सावकाश पुरे करणे हे निरोगी प्रौढ माणसाच्या आवाक्यातील काम आहे. मात्र भिलाईसारख्या उष्ण प्रदेशात त्यासाठी शरीराचा व्यवहार समजून घेणे अगत्याचे आहे.

इंधन आणि उष्णता

धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसास या शर्यतीत सुमारे १,२६० किलोकॅलरी लागतील. यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेनच्या रूपाने ४०० ते ५०० ग्रॅम पिष्टमय द्रव्य साठलेले असते व त्यातून १,६०० ते २,००० किलोकॅलरी मिळू शकतात. शिवाय चरबीही जळत असते. तेव्हा बेताच्या वेगाने धावणाऱ्यास इंधन सहसा कमी पडत नाही.

खरी अडचण उष्णतेची आहे. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी फार तर चतुर्थांश प्रत्यक्ष कामी येते. उरलेल्या सुमारे ९५० किलोकॅलरींची उष्णता बनते. या माणसाच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. ही सर्व उष्णता आतच राहिली, तर तापमान १९ अंशांनी चढेल व जगणे अशक्य होईल. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यावरून घामाचे महत्त्व कळून येईल. परंतु घाम वाळला पाहिजे. जो नुसता ओघळतो तो शरीर थंड करीत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत तो नीट वाळत नाही. मे महिन्यात भिलाईची हवा ४० अंशांच्याही वर जाते, तेव्हा ती त्वचेहून उष्ण असल्यामुळे उलट शरीरासच उष्णता देते. यास्तव सराव ऑक्टोबरच्या आरंभी सुरू करावा आणि शर्यत जानेवारीच्या अखेरीस धावावी. धावण्याची वेळ पहाटेची असावी.

सरावाचा क्रम

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. नवी भट्टी एकदम तापवीत नाहीत, कारण घाईने तिच्या आतील विटांस तडे जातात. शरीराचेही तसेच आहे. हृदय व रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारतात. परंतु कंडरा व अस्थी बळकट होण्यास महिने लागतात. दम टिकू लागला म्हणून अंतर झपाट्याने वाढविले, तर दुखापत होते ती याच तफावतीमुळे.

सराव सोळा आठवड्यांचा असावा. आठवड्यातून तीन दिवस धावावे व मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवावा. आरंभी दोन मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे आलटून पालटून करावे. तीनपैकी एक दिवस लांब अंतराचा. तो ५ किलोमीटरांपासून सुरू करून दर आठवड्यास एकेक किलोमीटरने वाढवावा. दर चौथ्या आठवड्यास कमी करावा. चौदाव्या आठवड्यात १५ किलोमीटर होतील. शेवटचे दोन आठवडे अंतर घटवावे. सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतील, इतकाच वेग असावा. रात्रपाळी करणाऱ्याने आधी झोप घ्यावी, मग धावावे. नडगीच्या हाडावर एकाच जागी दुखू लागल्यास धावणे थांबवावे. छातीत दुखणे, रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

पाणी आणि धोक्याच्या खुणा

सरावापूर्वी व नंतर वजन करावे. घटलेले वजन बहुतांशी घामाचे असते व त्यावरून पाण्याचा अंदाज येतो. वजन वाढलेले आढळल्यास पाणी जरुरीपेक्षा अधिक झाले असे समजावे. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते व तेही घातक ठरू शकते.

धावणारा झोकांड्या खाऊ लागला वा असंबद्ध बोलू लागला, तर उष्माघाताची शंका घ्यावी. अंगास घाम आहे म्हणून धोका नाही, असे मानू नये. त्यास तत्काळ सावलीत नेऊन थंड पाण्यात बसवावे. ते शक्य नसल्यास अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी डॉक्टरांस बोलवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. रुग्णालयात नेण्याच्या घाईत शरीर थंड करण्याचे काम थांबता कामा नये, कारण येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

शर्यतीच्या दिवशी हवा अवचित तापलेली असेल, तर ठरविलेला वेग सोडून द्यावा, वाटल्यास चालावे. अंतर तेच राहते, परंतु दर मिनिटास निर्माण होणारी उष्णता कमी होते व घामास आपले काम करण्यास अवधी मिळतो.