धूर बाहेर जातो तो कशाच्या जोरावर?

आधी एक प्रयोग करा, मग बोलू. एका ताटलीत मेणबत्तीचा बुटका तुकडा उभा करून पेटवा. ताटलीत थोडे पाणी ओता आणि मेणबत्तीवर कंदिलाची किंवा दिव्याची काच ठेवा. काचेचे वरचे तोंड उघडेच आहे, फक्त खालून हवा शिरण्याची वाट पाण्याने बंद झाली आहे. थोड्याच वेळात ज्योत मंदावते आणि विझते. वरचे तोंड चांगले मोठे असूनही असे का व्हावे?

आता पत्र्याची एक पट्टी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची कापा (पत्रा कापताना शिक्षकांना सोबत घ्या). ती काचेच्या तोंडातून आत अशी सोडा, की तिचा आडवा भाग तोंडावर टेकेल आणि उभा भाग काचेचे दोन कप्पे करून ज्योतीच्या थोडा वर थांबेल. मेणबत्ती पुन्हा पेटवून काच ठेवा. या वेळी ती विझत नाही. उदबत्तीचा धूर एका कप्प्यावर धरलात तर तो आत खेचला जातो, दुसऱ्या कप्प्यावर धरलात तर वर उडतो. पट्टी नव्हती तेव्हा वर जाणारी गरम हवा आणि खाली येऊ पाहणारी थंड हवा एकमेकींच्या वाटेत येत होत्या. पट्टीने दोघींना वेगळी वाट दिली.

हा प्रयोग लक्षात ठेवून आपण एका मोटारीत शिरू. युरोप-अमेरिकेत भिंती, ट्रक, उपाहारगृहांची तेलकट धुराडी धुण्याचा धंदा करणारे लोक सगळी यंत्रसामग्री एका बंद व्हॅनमध्ये बसवून हिंडतात. तेलकट मळ गार पाण्याने सुटत नाही, म्हणून पाणी गरम करून पंपाने जोराच्या फवाऱ्यात सोडायचे. असा गरम पाण्याचा प्रेशर वॉशर जर्मनीत कार्चर यांनी १९५० मध्ये तयार केला. थंडीत नळ्यांत पाणी गोठून त्या फुटू नयेत आणि यंत्र चोरीला जाऊ नये, म्हणून तो बंद गाडीत ठेवणे सोयीचे पडते. पण मग त्या गाडीत दोन अग्नी पेटतात. पंप फिरवणारे पेट्रोलचे इंजिन हा एक. दुसरा डिझेलचा बर्नर. त्याच्या ज्वाळेभोवती नळीचे वेटोळे असते आणि त्यातून जाताना पाणी तापते.

हे अग्नी किती हवा खातात ते काढू या. पंप मिनिटाला १५ लिटर पाणी देतो आणि ते ६० अंशांनी तापवायचे आहे असे धरा. तासाला ९०० लिटर पाणी झाले, म्हणजे ५४,००० किलोकॅलरी उष्णता हवी. एक लिटर डिझेल सुमारे ८,६०० किलोकॅलरी देते. काही उष्णता धुराबरोबर वाया जाते, म्हणून तासाला ७ लिटर डिझेल धरू. त्याचे वजन सुमारे ६ किलो. एक किलो डिझेल पुरते जळायला साडेचौदा किलो हवा लागते. काजळी धरू नये म्हणून बर्नरला गरजेपेक्षा थोडी जास्तच हवा देतात. हिशेब केलात तर तासाला सुमारे ९० घनमीटर हवा येते. इंजिनाची ३५ घनमीटर त्यात मिळवा. गाडीच्या मागच्या भागात मात्र हवा असते जेमतेम १० घनमीटर! म्हणजे दर पाच मिनिटांना गाडीतली सगळी हवा संपून नवी आली पाहिजे. ती येणार कोठून याचा विचार न करता नुसते छताला भोक पाडून धुराडे बसवणे म्हणजे पट्टी नसलेली काच ठेवणे.

तरीही काही जण म्हणतील, “धूर गरम आहे, तो वर जाईलच की!” जाईल, पण त्याचा जोर किती? ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१७ किलो असते आणि २५० अंशांच्या धुराचे ०.६७ किलो. फरक अर्ध्या किलोचा. बर्नरवरचे धुराडे एक मीटर उंच असेल तर या फरकामुळे मिळणारा दाब ०.५ × ९.८ × १, म्हणजे सुमारे ५ पास्कल. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर अर्धा मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब! बर्नरच्या पंख्याचा जोर वेटोळ्यातून वाट काढण्यातच खर्ची पडतो. पुढे धुराला सारा भरवसा या अर्ध्या मिलिमीटरचा.

हा आकडा एकदा मनात बसला की कारागिरांच्या बऱ्याच रीती आपोआप समजतात. धुराड्याची नळी बर्नरच्या तोंडापेक्षा अरुंद का करायची नाही? २५ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर १५ सेंटिमीटरची नळी बसवली तर क्षेत्रफळ वर्गाच्या नियमाने कमी होऊन जेमतेम ३६ टक्के उरते. नळीला कोपरे का नकोत? प्रत्येक वळण त्या तुटपुंज्या जोरातला हिस्सा मागते. बर्नर आणि छतावरची नळी यांच्यामध्ये झाकणासारखा खुला भाग का ठेवतात? वरून वाऱ्याचा झोत आला तर तो ज्योतीवर न आदळता बाजूने निघून जावा म्हणून. पण या सोयीची किंमत आहे. ओढ नसेल तेव्हा धूर याच फटीतून गाडीत सांडतो. यंत्र सुरू केल्यावर पहिली काही क्षण धुराडे गारच असते आणि गार धुराड्याला ओढ नसते. म्हणून सुरुवातीला गाडीचे दरवाजे सताड उघडे हवेत.

इंजिनाचा धूर बर्नरच्याच धुराड्यात सोडला तर एक भोक वाचेल, असे एखाद्याला वाटते. ही चूक फार महागात पडते. इंजिनातला दट्ट्या धूर नुसता सोडत नाही, ढकलतो. त्या धक्क्यापुढे अर्ध्या मिलिमीटरची ओढ टिकत नाही, आणि धूर उलट बर्नरच्या वाटेने गाडीत येतो. इंजिनाची नळी वेगळीच, धातूची आणि गाडीबाहेर लांबवर नेलेली हवी. इंजिनाच्या थरथरीने तिचे सांधे फुटतात, तेव्हा मधला एक तुकडा लवचीक धातूचा ठेवतात आणि सांधे वरचेवर तपासतात.

दुसरी चूक शहाणपणाची वाटते, म्हणून अधिक फसवी. धूर कोंडतो म्हणून गाडीला हवा बाहेर फेकणारा पंखा लावायचा! दरवाजे बंद असले तर हा पंखा आतला दाब कमी करतो. पाच पास्कल कमी करायला त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. मग धुराड्यातून धूर वर जाण्याऐवजी बाहेरची हवा धुराड्यातून खाली येते आणि धुराला घेऊन आत शिरते. पंखा लावायचाच तर बाहेरची स्वच्छ हवा आत ढकलणारा लावावा, तोही इंजिनाच्या नळीच्या तोंडापासून दूर. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर आणि हवा बाहेर टाकणारा पंखा एकत्र चालतात तेथेही हेच घडू शकते. घरात असा गिझर असेल तर हवा आत येण्याची झरोक्याएवढी तरी वाट कोठे आहे, ते आजच पाहा.

आत आलेल्या धुरात घाबरण्यासारखे काय आहे? काजळी दिसते, डिझेलचा वास येतो, डोळे चुरचुरतात. ते लगेच कळते. खरा घातक वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा रेणुभार २८ आणि हवेचा सरासरी २९, म्हणून तो तळाशी बसत नाही की छताला चिकटत नाही, सगळीकडे मिसळतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, आणि हिमोग्लोबिन अडवले गेले की शरीराला ऑक्सिजन पोचत नाही.

हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १,२०० भाग झाले की ती हवा जिवाला तत्काळ धोक्याची, असे अमेरिकेतील कामगारसुरक्षेची संस्था मानते. आपल्या १० घनमीटर गाडीत हे प्रमाण व्हायला १२ लिटर वायू पुरे. ३९० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मिनिटाला सुमारे ६०० लिटर धूर सोडते. त्यात शेकडा ४ भाग हा वायू धरला तर मिनिटाला २४ लिटर झाले. सगळा धूर आत कोंडला तर अर्धे मिनिट! फुटक्या सांध्यातून दहावा हिस्सा आला तरी पाच मिनिटे.

जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात हा वायू स्वतः हुंगून आपल्या शरीरावर काय परिणाम होतो ते टिपून ठेवले. (१९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्याचेच चिरंजीव.) खाणीत उंदीर किंवा पक्षी न्यावा, तो माणसाच्या आधी कोसळतो, ही सूचना त्याची. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते. आता त्यांची जागा विजेरीवर चालणाऱ्या सूचक यंत्राने घेतली आहे आणि अशा गाडीत ते असलेच पाहिजे. कारण डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे या खुणा उन्हाच्या किंवा पित्ताच्याही असतात. शिवाय ज्या मेंदूने धोका ओळखायचा, तोच मेंदू ऑक्सिजनवाचून मंद झालेला असतो. असा माणूस दिसला तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, इंजिन आणि बर्नर बंद करावेत आणि त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर सुमारे दीड तासात ते काम होते.

जाता जाता एक गणित. हिवाळ्यात बाहेरचे तापमान ० अंश आहे, धुराडे २ मीटर उंच आहे आणि धूर पूर्वीइतकाच, २५० अंशांचा आहे. ओढ किती पास्कल? ० अंशांच्या हवेचे वजन घनमीटरला १.२९ किलो धरा. उत्तर १२ च्या आसपास आले पाहिजे. ते आले की आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: धूर नळीतून वर जाताना गार होत जातो, मग प्रत्यक्षातली ओढ या उत्तरापेक्षा जास्त असेल की कमी? आणि अशा धुराड्याची नळी दुहेरी पत्र्याची का करतात?