सुंदा मुलखांतील खेडें : तेथील राहणी व मालमत्ता

"हें शेत कोणाचें?" असा प्रश्न आपल्याकडील एखाद्या खेड्यांत विचारला असतां बहुधा एकाच मनुष्याचें नांव सांगण्यांत येतें. सात-बाराच्या उताऱ्यावर ज्याचें नांव तो मालक, इतक्यावर आपली चौकशी संपते. परंतु त्या शेतांतील धान्य किती घरीं जातें, असें कोणी विचारल्यास उत्तर इतकें सोपें राहत नाहीं. या दोन प्रश्नांतील अंतर ध्यानांत यावें म्हणून आम्ही आज वाचकांस समुद्रापलीकडील एका मुलखांत नेत आहों. तो मुलूख म्हणजे जावा बेटाच्या पश्चिमेकडील सुंदानी लोकांचा देश.

नकाशांत जावा बेट काढून पहावें. हें बेट इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकांत मोडतें. १७ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या देशानें आपलें स्वातंत्र्य जाहीर केलें. बेटाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागास प्रियांगान म्हणतात व बांडुंग हें त्यांतील मुख्य शहर होय. लोकांची भाषा सुंदानी, व बहुतेकांचा धर्म इस्लाम. ज्वालामुखी पर्वतांच्या राखेनें तेथील जमीन कसदार झालेली असून पाऊसही विपुल पडतो. सुंदानी भाषेंत पाण्यास 'चाइ' म्हणतात. त्याचेंच आखूड रूप 'चि' हें असंख्य नद्यांच्या व गांवांच्या नांवांआधीं लागतें. चितारुम व चिमानुक या नद्या. चिआंजुर व चिआमिस हीं गांवें. जेथें पाणी तेथें वस्ती, हें त्या नांवांवरूनच कळून येतें.

पाण्याचा हा महिमा फार जुना आहे. पांचव्या शतकांत या भागावर पूर्णवर्मन् नांवाचा राजा राज्य करीत होता. त्याचा एक संस्कृत शिलालेख तुगु येथें सांपडला आहे. गोमती नांवाचा कालवा २१ दिवसांत खणून झाल्यावर राजानें १००० गाई दान दिल्या, असें त्यांत नमूद आहे. त्याच लेखांत दुसऱ्या एका प्रवाहाचें नांव चंद्रभागा असें आलें आहे. पंढरीची वाट जाणणाऱ्या आमच्या वाचकांस तें ऐकून कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आतां खेड्यांत शिरूं. जुन्या पद्धतीचें सुंदानी घर जमिनीपासून थोडें उंच, खांबांवर उभारलेलें असतें. भिंती विणलेल्या बांबूच्या. छपरावर ताडाच्या जातीच्या झाडाचे काळे तंतू किंवा कौलें. अलीकडे विटांचीं पक्कीं घरें पुष्कळ झालीं आहेत. तथापि तासिकमलाया जिल्ह्यांतील कांपुंग नागा या गांवीं जुनी घडण आजही जपलेली दिसते. घराशेजारीं माशांचें लहानसें तळें, परसांत केळी, नारळ व भाजीपाला, आणि उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनीं उतरत गेलेलीं पाणभाताचीं खाचरें, असा एकंदर देखावा असतो.

घरांत 'गोआह' नांवाची तांदुळाची खोली असते. जुन्या रीतीप्रमाणें तींत पुरुषांनीं पाऊल टाकावयाचें नाहीं. तेथील कारभार सर्वस्वीं गृहिणीचा. बाहेर भाताच्या जुड्या सांठविण्याची 'लेउइत' नांवाची उंच कणगी असे. ती आतां थोड्याच गांवांत उरली आहे. भात ही न्यी पोहाची या देवीची देणगी, अशी पूर्वापार समजूत. तिला भय वाटूं नये म्हणून कणसें विळ्यानें न कापतां, तळहातांत लपणाऱ्या 'एतेम' नांवाच्या चिमुकल्या पात्यानें एकेक करून खुडीत असत.

आतां मालमत्तेकडे वळूं. जमीन मोजण्याचें तेथील लहान माप 'बाता' होय. एक बाता म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. अर्थात् आपल्या एका गुंठ्यांत सात बाता बसतील. ५०० बातांचा एक 'बाऊ' होतो, म्हणजे पावणेदोन एकर. जेथें जमीन बातांनीं मोजली जाते, तेथें एकेका कुटुंबाच्या वांट्यास ती किती थोडी येत असेल याची कल्पना यावरून होईल. वारसा मुलगे व मुली या दोघांसही मिळतो. धर्मशास्त्राप्रमाणें मुलीचा वांटा मुलाच्या निम्मा; परंतु पुष्कळ आईबाप आपल्या हयातींतच वांटणी करून सर्वांस सारखें देतात.

विवाहांतील मालमत्तेचा नियमही लक्षांत ठेवण्यासारखा आहे. लग्नापूर्वीं ज्याचें जें असेल तें त्याचें राहतें. लग्नानंतर दोघांनीं मिळविलेलें धन 'गुना काया' म्हणून दोघांचें मानलें जातें. गरीब पुरुषानें धनवान स्त्रीशीं लग्न केल्यास 'तो अंबाड्याच्या आश्रयास गेला' अशा अर्थाचा शब्दप्रयोग सुंदानींत रूढ आहे. शब्द थट्टेचा खरा, पण त्यावरून स्त्रीच्या नांवें शेत असणें तेथें अपूर्व नव्हतें, हेंही सिद्ध होतें.

ज्याच्याजवळ जमीन नाहीं तो दुसऱ्याचें शेत 'मारो'नें, म्हणजे अर्धेलीनें करतो. अडचणींत सांपडलेला शेतकरी शेत गहाण टाकतो, तेव्हां कर्ज फिटेपर्यंत पीक सावकाराचें. कित्येकदां मूळचा मालकच आपल्या शेतांत अर्धेलीचा वांटेकरी होऊन राबतो. हें ध्यानीं घेऊन १९६० सालीं कायदा झाला कीं, सात वर्षें किंवा अधिक काळ गहाण राहिलेलें शेत पैसे न घेतां मालकास परत द्यावें. त्याच वर्षींच्या मूळ जमीन-कायद्यानें जमिनीच्या प्रत्येक हक्काबरोबर समाजाविषयींचें कर्तव्यही येतें, असें तत्त्व घालून दिलें.

परंतु ज्यास खंडानें किंवा अर्धेलीनेंही शेत मिळत नाहीं, त्याचें काय? त्याचा आधार होता कापणी. जुन्या रीतीनें पीक तयार झालें कीं गांवांतील, क्वचित् परगांवचींही, बायकामाणसें येऊन कापणीस लागत, व कापलेल्या भाताचा ठराविक हिस्सा घेऊन जात. या हिश्शास 'बावोन' म्हणतात. आलेल्यास परत पाठविणें मालकास शोभत नसे. ही भीक नव्हती व केवळ मजुरीही नव्हती. तो गरिबाचा हक्कच समजला जाई. त्याची नोंद कोणत्याही दप्तरांत नव्हती.

१९७० च्या सुमारास भाताच्या नव्या बुटक्या जाती आल्या. पीक वाढलें, पण खतांचा खर्चही वाढला, आणि कापणीस येणारांची गर्दी मालकास परवडेनाशी झाली. एतेमच्या जागीं विळा आला. थोड्या माणसांत काम होऊं लागलें. कांहीं मालक उभें पीकच व्यापाऱ्यास विकूं लागले, व व्यापारी आपलीं माणसें घेऊन येऊं लागला. भात सडण्याच्या गिरण्या आल्या, तेव्हां उखळापाशीं मुसळ घेऊन तांदूळ मिळविणाऱ्या स्त्रियांचें कामही गेलें. कष्ट वांचले हें खरें. पण ज्यांचे कष्ट वांचले त्यांचीच मिळकतही बुडाली.

उत्तरेकडील सुबांग भागांत 'चेब्लोकान' नांवाची रीत पसरली. जो लावणी व निंदणी मजुरीवांचून करील, त्यासच त्या तुकड्याची कापणी करून वांटा घेण्याचा अधिकार. हा वांटा सामान्यतः पांचवा किंवा सहावा असे. पूर्वीं जें केवळ कापणीनें मिळे, त्यासाठीं आतां अधिक राबावें लागलें. तरीही भूमिहीन कुटुंबें ही रीत घट्ट धरून राहिलीं. कारण शेतांशीं त्यांचें असलेलें शेवटचें नातें तेंच होतें.

यांत मालकास सर्वस्वीं दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. त्याचें शेतही लहानच होतें, आणि त्यासही मुलेंबाळें होतीं. परंतु कागदावर न लिहिलेले हक्क किती मुकाट्यानें नाहींसे होतात, हें या हकीकतीवरून शिकण्यासारखें आहे. शेत कोणी हिरावून घेतलें तर दाद मागतां येते. विळा आला म्हणून कोठें दाद मागावी?

आपल्याकडेही खळ्यावर बलुतेदारांस धान्य मिळे व सुगींत गोरगरिबांच्या पदरांत कांहीं पडे. विद्यार्थ्यांनीं सुटींत गांवीं गेल्यावर आपल्या आजीआजोबांस विचारावें : आपल्या शेताचें धान्य पूर्वीं कोणाकोणाच्या घरीं जात असे? तें जाणें केव्हां थांबलें, आणि तीं घरें पुढें कोठें गेलीं? पालकांनींही या चौकशीस मनापासून मदत करावी, अशी आमची विनंती आहे. तीं उत्तरें वहींत उतरून ठेविलीं, तर दप्तरांत नसलेला गांवचा इतिहास निदान आपल्या घरीं तरी राहील.