विहारातील वॉटर कूलर : पाणी थंड आहे, पण स्वच्छ आहे का?

मार्च महिना लागला की आपल्या विहारांमध्ये दोन कामे एकदम सुरू होतात. एक, १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी. आणि दुसरे, हिवाळाभर कोपऱ्यात बंद असलेला वॉटर कूलर चालू करणे. पहिल्या कामासाठी बैठका होतात, पावत्या फाडल्या जातात, पै-पैचा हिशेब मांडला जातो. दुसऱ्या कामासाठी कोणीतरी येऊन फक्त बटण दाबतो. थोड्या वेळाने तोटीतून गार पाणी येते, लहानथोर सगळे पितात. टाकीत चार महिने काय साचले होते, हे झाकण उघडून कोणी पाहत नाही. या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण ते झाकण उघडू.

पाणी आपल्यासाठी साधी गोष्ट नाही

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरी तळ्यात ओतून त्याची 'शुद्धी' केली. न्यायालयातील लढाई १९३७ पर्यंत चालली. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तळी आणि स्नानघाट यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास मनाई केली.

या इतिहासातून आरोग्याचाही एक धडा मिळतो. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते हे खोटे होते. शेण कालवल्याने मात्र पाणी खरोखरच दूषित होते. पाण्याची शुद्धी मंत्राने होत नाही. ती गाळण्याने, उकळण्याने आणि क्लोरीनने होते. भगवान बुद्धांच्या संघात भिक्खूच्या अष्टपरिष्कारांमध्ये पाणी गाळण्याचे साधन होते, हे आपण जाणतोच. पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडून असलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, त्याची सेवा केली, ही विनयपिटकातील हकीकतही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा टाकी घासणे हे हलके काम समजण्याचे आपल्याला कारण नाही.

कूलर पाणी थंड करतो, शुद्ध करत नाही

आमच्या विदर्भातील वाचकांना कूलर म्हटले की हवेचा कूलर आठवेल. इथे आपण पिण्याच्या पाण्याच्या स्टीलच्या कूलरविषयी बोलत आहोत. त्याची रचना फ्रीजसारखीच असते. आत स्टीलची टाकी, तिच्याभोवती तांब्याची नळी आणि नळीत गॅस. कॉम्प्रेसर तो गॅस फिरवतो. टाकीतील उष्णता गॅस शोषून घेतो आणि मागच्या किंवा खालच्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून, बाहेर टाकतो. थर्मोस्टॅट पाणी साधारण १० ते १५ अंश सेल्सिअसवर ठेवतो. टाकी रिकामी होऊ लागली की आतला फ्लोट खाली जातो आणि नवे पाणी येते.

या सगळ्यात जंतू मारणारे काहीही नाही. थंडाव्याने जंतूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन टाकीत साठून राहिल्यावर हळूहळू उडून जातो. आता आपल्या विहारांचा वापर पाहा. रविवारची वंदना, पौर्णिमा, एखादे मंगल परिणय किंवा पुण्यानुमोदन, आणि मधले दिवस कुलूप. वीज वाचावी म्हणून कूलर बंद केला जातो, पण पाणी आतच राहते. ते पुन्हा कोमट होते, टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर चढतो आणि त्या थराच्या आड जंतू सुरक्षित राहतात. दररोज शंभर माणसे पाणी पितात त्या कूलरपेक्षा आठवड्यातून एकदा वापरला जाणारा कूलर अधिक काळजीचा असतो, तो यामुळे.

दूषित पाण्यातून अतिसार, आव, कॉलरा, विषमज्वर म्हणजे टायफॉइड, आणि 'ए' व 'ई' प्रकारची कावीळ होते. 'ई' कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. मजुरीवर जगणाऱ्या घरात टायफॉइड म्हणजे काही आठवड्यांचा बुडालेला रोज आणि वर औषधांचा खर्च.

आधी मूळ पाहा

कूलर हा शेवटचा टप्पा आहे. पाण्याचा प्रवास जलवाहिनीपासून सुरू होतो. अनेक वस्त्यांमध्ये नळाची नळी गटारातून गेलेली असते. पाणी सुटलेले असते तेव्हा आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी गेले की दाब संपतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. म्हणून पाणी आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी वाहू द्यावे, सांधे तपासावेत आणि नळी गटाराबाहेर काढून घेण्यासाठी नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. छतावरची टाकी दर तीन महिन्यांनी धुवावी आणि तिचे झाकण घट्ट असावे.

टाकी धुण्याची रीत

दर महिन्याला एकदा, आणि बंद कूलर पुन्हा सुरू करण्यापूर्वी न चुकता, पुढील क्रमाने टाकी धुवावी. इथले माप ४० लिटरच्या टाकीचे आहे. ८० लिटरची असेल तर दुप्पट घ्यावे.

१. नुसते बटण बंद करू नका, पिन सॉकेटमधून काढा. येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा.

२. तोट्या आणि तळाचा ड्रेन उघडून पाणी पूर्ण काढा. तोट्यांतून काढल्यावर तळाशी थोडे पाणी राहतेच. सगळ्यात घाण तेच असते.

३. हात साबणाने धुवा. नवा स्पंज किंवा स्वच्छ कापडाने भिंती, तळ, फ्लोट आणि झाकणाची आतली बाजू घासा. तारेची घासणी वापरू नका. स्टीलवर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते.

४. क्षारांचा पांढरा थर असेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवून लावा. पंधरा-वीस मिनिटांनी घासून स्वच्छ पाण्याने पूर्ण धुवा. संडास धुण्याचे ॲसिड इथे कधीही वापरू नका.

५. यानंतरच ब्लीचिंग पावडर घ्या. सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, ताजी पावडर एका प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा. चुना तळाशी बसू द्या आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओता. मग टाकी काठोकाठ भरा.

६. प्रत्येक तोटी उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, म्हणजे तोटीची आतली बाजूही निर्जंतुक होईल. एक तास तसेच ठेवा. तेवढा वेळ कूलरवर 'पाणी पिऊ नये' अशी पाटी लावा.

७. सगळे पाणी काढून वास जाईपर्यंत दोन-तीन वेळा टाकी खळबळून धुवा. बाहेरून कोरडी पुसा. मगच पिन लावा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ब्लीचिंग पावडर आणि लिंबूसत्व किंवा कोणतेही ॲसिड एकत्र होता कामा नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. म्हणून दोन्हींच्या मध्ये टाकी भरपूर पाण्याने धुणे आवश्यक आहे. काम करताना खिडक्या उघड्या ठेवा. जुनी, ओल लागलेली पावडर निकामी होते. ती कितीही टाकली तरी उपयोग नाही.

गाळणी आणि शुद्धीकरण यंत्र

कॅन्डल असेल तर ती वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी, साबण लावू नये. तडा गेलेली कॅन्डल लगेच बदलावी. अतिनील किरणांचा दिवा असेल तर तो साधारण वर्षाने बदलावा. दिवा निळा दिसत राहतो, पण जंतू मारण्याची त्याची ताकद संपलेली असते. आर.ओ. असेल तर टाकी धुताना ते जोडणीतून वेगळे करावे, कारण क्लोरीनने त्याचा पडदा खराब होतो.

विक्रेता टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो आणि घाबरवतो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचे क्षार स्वीकारार्ह आहेत. आपले पाणी त्याच्या आत असेल तर आर.ओ.वर पैसा घालण्यापूर्वी टाकी धुण्यावर श्रम घालावेत. पाणी तपासून हवे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारावे. पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे साध्या चाचणीने तिथल्या तिथे कळते.

अनवाणी पाय आणि वीज

विहारात आपण चपला बाहेर काढतो. म्हणजे कूलरसमोर उभे असलेले प्रत्येक मूल अनवाणी असते, बहुधा ओल्या फरशीवर, आणि त्याचा हात स्टीलच्या तोटीवर असतो. अशा वेळी अर्थिंग नसेल तर एका सैल वायरने जीव जाऊ शकतो.

पिन तीन दांड्यांचीच असावी आणि तिसरी दांडी तोडून टाकलेली नसावी. सॉकेटला खरे अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि त्याचे 'टेस्ट' बटण दर महिन्याला दाबून पाहावे. कूलरला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर 'थोडा करंट मारतो' म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्याच क्षणी पिन काढून कूलर बंद ठेवावा. कोणाला धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा आणि १०८ वर फोन करावा.

मेकॅनिकला कधी बोलवावे

कूलर भिंतीपासून किमान अर्धा फूट दूर हवा. मागची जाळी धुळीने भरली की पाणी थंड होत नाही आणि वीज जास्त लागते. पिन काढून मऊ ब्रशने ही धूळ आपल्यालाच झाडता येते. वीज गेली आणि लगेच आली तर तीन ते पाच मिनिटे थांबून कूलर सुरू करावा, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो. आतली वायरिंग, कपॅसिटर आणि गॅस यांना मात्र हात लावू नये. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

गॅस हा पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. दर उन्हाळ्यात 'गॅस संपला' असे सांगितले जात असेल तर गळती कुठे आहे ते आधी शोधायला आणि बुजवायला सांगावे, मगच गॅस भरून घ्यावा.

पेला एकच नियमाचा

साखळीने बांधलेला एकच पेला शंभर तोंडांना लागतो. तो बंद करावा. पण हे सांगताना जपून सांगावे. वेगळा कप, वरून ओतलेले पाणी, हे आपल्या आजी-आजोबांनी सोसलेले आहे. म्हणून नियम सर्वांना सारखाच हवा : घरून बाटली आणा, किंवा धुतलेला पेला घेऊन वापरल्यावर धुऊन ठेवा. समितीच्या अध्यक्षांना आणि पाहुण्यांनाही तोच नियम. पेला वेगळा ठेवायचा तो जंतूंमुळे, माणसामुळे नाही.

टाकी धुण्याचे काम महिला मंडळाच्या किंवा एखाद्या गरीब उपासकाच्या गळ्यात टाकू नये. सफाई एकाच्या वाट्याला बांधून देणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध तर आपला लढा आहे. दर महिन्याला दोन जणांची पाळी लावावी. त्यांत पुरुष, स्त्रिया, तरुण, पदाधिकारी सगळे असावेत. कालकथित आईवडिलांच्या स्मरणार्थ कूलर दान देणाऱ्या कुटुंबांनाही आमची विनंती आहे : यंत्रासोबत पहिल्या वर्षाच्या देखभालीचा खर्चही दानात धरावा. नावाची पाटी चकचकीत आणि टाकीत शेवाळ, यात कोणाचेच स्मरण होत नाही.

कूलरजवळ लावण्याचा तक्ता

- दर रविवारी : जुने पाणी पूर्ण काढून नवे भरणे, तोट्या व खालचा ट्रे घासून कोरडा करणे.
- दर महिन्याला : वरील रीतीने टाकी धुणे, जाळीची धूळ काढणे, आरसीसीबी तपासणे.
- दर तीन महिन्यांनी : छतावरची टाकी धुणे.
- दर वर्षी मार्चमध्ये : इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगची आणि मेकॅनिककडून यंत्राची तपासणी.
- प्रत्येक कामापुढे तारीख आणि करणाऱ्यांच्या सह्या.

खालचा ट्रे विसरू नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. घरी हवेचा कूलर असेल तर त्याचीही टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासाव्यात, कारण डासांची अंडी कडांना चिकटलेली असतात. त्यात पाणी भरतानाही आधी पिन काढावी.

इतके करूनही कोणाला जुलाब लागले तर वाट पाहू नये. ओआरएस द्यावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. लहान मुलांसाठी झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून घ्याव्यात. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले किंवा शौचातून रक्त आले तर तत्काळ दवाखाना गाठावा. एकाच कार्यक्रमानंतर दोन-तीन घरांत जुलाब लागले तर आरोग्य केंद्राला कळवावे आणि कूलर त्याच दिवशी बंद करावा.

जयंतीला अजून अवकाश आहे. येत्या रविवारी वंदना झाली की समितीने कूलरची पिन काढून झाकण उघडावे, सर्वांना आत पाहू द्यावे आणि तिथेच पहिली पाळी ठरवावी.

जयभीम! नमो बुद्धाय!