जुन्या मॅकबुकला मोठा मॉनिटर

प्रश्न : माझा १३ इंची मॅकबुक प्रो २०१२ च्या मध्याचा आहे. बारीक अक्षरांनी डोळे दुखतात, म्हणून मोठा मॉनिटर घ्यायचाय. मुलगा म्हणतो, हल्लीचे फोर-के मॉनिटर त्याला चालणारच नाहीत, नवा कॉम्प्युटर घे. खरं आहे का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नाही ताई, कॉम्प्युटर बदलायची गरज नाही. फोर-के मॉनिटर जोडल्याने मशीनला अपायही होत नाही. मात्र तुमचा मॅकबुक बाहेरच्या पडद्यावर जास्तीत जास्त २५६० बाय १६०० एवढंच, म्हणजे फोर-केपेक्षा कमी, चित्र पाठवतो. म्हणजे पैसे जास्त जाणार आणि अक्षरं पुसट दिसणार. डोळ्यांची तक्रार असताना तो घेऊच नका.

माझी पसंती २४ इंची, १९२० बाय १०८० ला. अक्षरं ठसठशीत दिसतात आणि मिनी डिस्प्लेपोर्टला लावायच्या साध्या एचडीएमआय अडॅप्टरवर भागतं. दोन कागद शेजारी उघडून काम करत असाल तर २७ इंची, २५६० बाय १४४० बघा; त्याला मात्र मिनी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्या.

खरी फसगत होते ती फक्त यूएसबी-सी असलेल्या मॉनिटरमध्ये. तो तुमच्या मॅकबुकला जोडायला ॲपलचा थंडरबोल्ट ३ ते २ अडॅप्टर घेतलात, तरी त्यातून चित्र पोचत नाही. मॉनिटरला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे ना, हे आधी पाहा. पुढे भारतात न्यायचा विचार असेल तर लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं हवं. परतीची मुदत संपेपर्यंत खोका टाकू नका.