मुलाला विचारले काय?

या पाठासाठी मार्क ९:१४-२९ व १०:४६-५२ हे दोन्ही भाग वाचून यावे. पहिल्यात प्रभू येशू आजारी मुलाचा पूर्वइतिहास त्याच्या बापाला विचारतो. दुसऱ्यात आंधळ्या बार्तीमयाची गरज उघड दिसत असताही तुला काय हवे, हे तो त्यालाच विचारतो. मनाच्या आजारात दोन्ही प्रश्न लागतात. आपण बहुधा पहिल्यावरच थांबतो.

आम्हीही थांबलो होतो. आमच्या मंडळीतील सतरा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आईवडिलांसह मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. झोप येत नाही, जेवण तुटले आहे, हे सारे आम्हीच सांगितले. डॉक्टरांनी मुलाकडे वळून विचारले तरी उत्तर वडिलांनीच दिले. तीन आठवड्यांनी गोळ्या गादीखाली सापडल्या. सकाळी डोके जड होते, वर्गात डुलक्या येतात, एवढेच त्याचे म्हणणे होते. ते कळताच डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. आम्ही मात्र त्याला हट्टी ठरवून तशी प्रार्थनाही करून बसलो होतो!

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचारास पालकाची संमती लागते. रुग्णालयात ठेवले तर मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, व पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ सोबत राहावे लागते. पण सही पालकाची म्हणून मुलाचे मत नकोच, असे समजू नये. वय व समज पाहून मुलाच्या मताला वजन द्यावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे १२ वे कलम सांगते. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. अठरा पूर्ण झाल्यावर तर आपला प्रतिनिधी कोण, हे तरुण स्वतः लिहून ठरवू शकतो. आईवडीलच असले पाहिजेत असे नाही. पुष्कळ घरांत हे ऐकून वाईट वाटते. तरी ते आधीच बोलून ठेवलेले बरे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सांगणे आहे. मुलाने विश्वासाने सांगितलेले चारचौघांत, प्रार्थनेच्या विनंतीतही, उघड करू नये. मात्र जीव देण्याची भाषा निघाली तर गुप्ततेचे वचन देऊ नये. त्याला एकटे न सोडता घरच्यांना व डॉक्टरांना लगेच कळवावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो.

तो मुलगा आता वहीच्या पानावर आपले प्रश्न लिहून दवाखान्यात नेतो. मागच्या खेपेस पहिला प्रश्न डॉक्टरांसाठी नव्हता. "बाबा, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?" असा होता. बाबा बाहेर बसले.